दुसरे आमंत्रण

चेंबर म्युझिकच्या कुठल्याही हंगामाची कार्यक्रमपत्रिका उघडा. ती लंडनची असो, न्यूयॉर्कची असो की मुंबईच्या एनसीपीएची, पाहुण्या वादकांची ओळख सगळीकडे एकाच साच्यातली असते. अमुक संगीत विद्यालयात शिक्षण, तमुक आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिला किंवा दुसरा क्रमांक, मग ज्यांच्याबरोबर वाजवले त्या ऑर्केस्ट्रांची आणि कंडक्टरांची नावे, शेवटी ध्वनिमुद्रिका. वाचणाऱ्याचा समज होतो की हे आयुष्य एका बक्षिसापासून सुरू झाले आणि एकेक मोठे सभागृह जिंकत इथवर आले. चेंबर म्युझिक वाजवणाऱ्यांच्या बाबतीत हा समज बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. त्यांची कारकीर्द ज्याच्यावर उभी राहते ते त्या पत्रिकेत छापलेलेच नसते: कोणी त्यांना पुन्हा बोलावले, कोणी वर्षानुवर्षे ठेवून घेतले, कोणत्या गावात त्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता. पहिले आमंत्रण बक्षिसाच्या जोरावर मिळते. कारकीर्द घडते ती दुसऱ्या आमंत्रणापासून, आणि ते देणे आयोजकांच्या व श्रोत्यांच्या हातात असते. हे ओळखूनच संगीताचे हंगाम आखले गेले पाहिजेत.

हे संगीत ज्यांच्या कानावर फारसे पडलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. चेंबर म्युझिक म्हणजे दोनपासून आठ-नऊ वादकांपर्यंतचे संगीत. प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्र ओळ येते, ती वाजवणारा दुसरा कोणी नसतो, आणि समोर उभा राहून सगळ्यांना बांधून ठेवणारा कंडक्टरही नसतो. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चौघांचा स्ट्रिंग क्वार्टेट हा त्यातला सर्वांत कसोटीचा प्रकार. ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायला आलेला एकल वादक एक-दोन तालमींत काम भागवू शकतो. क्वार्टेटला ते शक्य नसते. कोणाचा सूर वर ठेवायचा, एखादी जागा किती रेंगाळू द्यायची, शांतता किती लांबवायची, हे चौघांनी मिळून ठरवायचे, मोडायचे आणि पुन्हा ठरवायचे. त्यात रचनांचा पसारा अफाट. बीथोवनचे १६ क्वार्टेट, हायडनचे ६८, शोस्ताकोविचचे १५, बार्तोकचे ६, आणि ही झाली फक्त सुरुवात. हे सगळे हाताखालून जायलाच दहा-वीस वर्षे लागतात, मुरायला आणखी. आता दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहा. बिदागी एका मैफलीची ठरते आणि चौघांत वाटली जाते. त्यातून एजंटचा वाटा जातो, प्रवास आणि व्हिसाचा खर्च जातो, वाद्यांचा विमा भरावा लागतो. चेलो सामानात टाकता येत नाही, त्याच्यासाठी विमानात वेगळी जागा घ्यावी लागते. म्हणजे चौघांची तिकिटे पाच. तालमींचे तास तर कोणी मोजतच नाही. मार्च २०२० मध्ये जगभरची सभागृहे बंद झाली, तेव्हा हा हिशेब किती ठिसूळ आहे ते उघड झाले. मैफल रद्द झाली की तिच्याबरोबर बिदागीही गेली. ज्यांना एखाद्या विद्यापीठात किंवा संगीत विद्यालयात नोकरी होती, त्यांच्या घरात निदान पगार येत राहिला.

बक्षिसांवर आपली भिस्त किती असावी, याचा विचार करायला १९७५ सालची इंग्लंडमधली लीड्स पियानो स्पर्धा पुरेशी आहे. पहिला क्रमांक दिमित्री अलेक्सेयेव यांना मिळाला. दुसऱ्या आल्या मित्सुको उचिदा, आणि तिसरा क्रमांक ज्यांना विभागून मिळाला त्यांत आंद्राश शिफ होते. अलेक्सेयेव मोठे पियानोवादक झाले, त्याबद्दल वाद नाही. पण पुढच्या अर्धशतकात मोझार्ट, शूबर्ट आणि बाख यांच्या वादनाचा विषय निघाला की जगभर जी दोन नावे हटकून निघतात, ती त्या दिवशी दुसऱ्या आणि तिसऱ्या ठरलेल्यांची आहेत. परीक्षकांचे चुकले, असे मला म्हणायचे नाही. एका आठवड्यात कोणी अधिक चांगले वाजवले हे परीक्षक सांगू शकतात. तीस वर्षांनी कोणाकडे सांगण्यासारखे काही उरेल, हे त्यांना सांगता येत नाही आणि तशी अपेक्षाही करू नये. उचिदा आणि शिफ या दोघांनीही पुढे एकल वादनाइतकाच जीव चेंबर म्युझिकमध्ये, गायकांच्या साथीत आणि तरुणांना शिकवण्यात लावला. त्यांचा श्रोता एका रात्रीत तयार झालेला नाही. त्याच त्या सभागृहांत, त्याच त्या लोकांसमोर वारंवार बसून तो त्यांनी मिळवला आहे.

या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण मेनाहेम प्रेस्लर यांचे. जन्म १९२३ चा, जर्मनीतल्या माग्देबुर्गचा. घर ज्यूंचे, त्यामुळे नाझींच्या छळातून सुटून कुटुंब इटलीमार्गे पॅलेस्टाइनला पोचले. १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या देब्युसी स्पर्धेत प्रेस्लर पहिले आले, आणि लगेच युजीन ऑरमंडी यांच्या फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी अमेरिकेत पदार्पण केले. कार्यक्रमपत्रिकेच्या साच्यात बसणारी कारकीर्द इथे सुरू झाली असती आणि कदाचित इथेच संपलीही असती. अशी पदार्पणे करून विस्मरणात गेलेले पियानोवादक थोडे नाहीत. प्रेस्लर यांचे आयुष्य वळले ते १९५५ मध्ये, आणि दोन गोष्टींनी. त्या वर्षी जुलैत व्हायोलिनवादक दानिएल गिले आणि चेलोवादक बर्नार्ड ग्रीनहाऊस यांच्याबरोबर त्यांचा बोझार ट्रिओ टँगलवूडच्या महोत्सवात पहिल्यांदा वाजला. त्याच वर्षी ते इंडियाना विद्यापीठात, ब्लूमिंग्टन नावाच्या लहानशा गावात, शिकवायला गेले. पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्या त्रयीला त्या काळी आयोजक फारसे विचारत नसत. तीन नामांकित एकल वादक एका संध्याकाळपुरते एकत्र येत, वाजवत आणि पांगत. बोझार ट्रिओने ते चित्र बदलले, कारण तो पांगला नाही. व्हायोलिनवादक बदलले, चेलोवादक बदलले, पियानोवर प्रेस्लर तेच राहिले, तब्बल ५३ वर्षे. २००८ मध्ये ट्रिओ थांबला तेव्हा त्यांचे वय ८४ होते. त्यानंतर त्यांनी एकल वादक म्हणून नवी कारकीर्द सुरू केली आणि नव्वदी गाठल्यावर बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर पहिल्यांदा वाजवले. २०२३ मध्ये, शंभरीला काही महिने उरले असताना, ते गेले. ब्लूमिंग्टनमधली नोकरी मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडली नव्हती. बर्लिनने नव्वदाव्या वर्षी ज्याला बोलावले तो पियानोवादक ज्या साधनेतून घडला, तिचा खर्च ५३ वर्षे एका लहान गावातल्या विद्यापीठाने आणि ट्रिओला परत परत बोलावणाऱ्या असंख्य छोट्या संगीतमंडळांनी उचलला होता.

क्वार्टेटांचा इतिहास पाहिला तर हीच गोष्ट आणखी ठळक होते. गर्ट्रूड क्लार्क व्हिटॉल या बाईंनी १९३५-३६ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला पाच स्ट्रॅडिव्हेरियस वाद्ये भेट दिली. ती काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी नव्हती, तिथे येऊन वाजवण्यासाठी होती. या वाद्यांच्या निमित्ताने बुडापेस्ट क्वार्टेटला ग्रंथालयाने हक्काचे घर दिले, आणि १९६२ पर्यंत तो तिथला निवासी क्वार्टेट राहिला. एका ग्रंथालयाच्या या निर्णयाने अमेरिकेत क्वार्टेट ऐकणारी एक अख्खी पिढी तयार झाली, कारण तिथल्या मैफली रेडिओवरूनही जात. अमेडेयस क्वार्टेटमधले तिघे ऑस्ट्रियातून ब्रिटनमध्ये आलेले निर्वासित होते आणि ब्रिटिशांच्या स्थानबद्धतेच्या काळात त्यांची गाठ पडली. १९४८ च्या जानेवारीत लंडनच्या विगमोर हॉलमध्ये त्यांचे पदार्पण झाले, आणि त्याच चौघांनी १९८७ पर्यंत, म्हणजे व्हिओलावादक पेटर शिडलोफ यांच्या मृत्यूपर्यंत, एकत्र वाजवले. बुडापेस्टच्या चार विद्यार्थ्यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेला ताकाच क्वार्टेट १९८० नंतरच्या दशकात कोलोरॅडो विद्यापीठात स्थिरावला. माणसे बदलत गेली तरी नाव आणि नोकरी टिकली, म्हणून आवाजही टिकला. या सगळ्यांना स्पर्धांमध्ये बक्षिसे मिळालीच नाहीत असे नाही. ताकाच क्वार्टेटला मिळाली होती. पण बक्षिसाने त्यांना दार उघडून दिले, आणि पुढची चाळीस वर्षे त्यांना उभे ठेवले ते एका ठिकाणच्या आसऱ्याने.

तरुण वादकांसाठी हा आसरा कसा दिसावा, याचे उत्तम उत्तर अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मार्लबरो नावाच्या खेड्यात सापडते. १९५१ मध्ये पियानोवादक रुडॉल्फ सेर्किन, व्हायोलिनवादक अडॉल्फ बुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उन्हाळ्याचे एक केंद्र सुरू केले. नावाला महोत्सव, पण मुख्य काम तालमीचे. पन्नाशी-साठी गाठलेला मुरलेला वादक आणि विशीतला विद्यार्थी एकाच क्वार्टेटमध्ये शेजारी बसतात, एकच रचना कित्येक दिवस घासतात. तालीम झालेल्या रचनांपैकी थोड्याच मैफलीत येतात, आणि कोणत्या येणार हे आधी छापले जात नाही; जी तयार झाली ती वाजवायची. शिक्षक आणि विद्यार्थी असा भेद न ठेवता सगळे एकत्र जेवतात, एकत्र राहतात. चेलोवादक पाब्लो कझाल्स साठच्या दशकात इथे उन्हाळे घालवत, पुढे उचिदांनी अनेक वर्षे हे केंद्र चालवले. १९६४ मध्ये ग्वार्नेरी क्वार्टेट इथेच जन्मला आणि २००९ पर्यंत वाजला. त्या ४५ वर्षांत एकच माणूस बदलला: चेलोवादक डेव्हिड सोयर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी त्यांचेच शिष्य पीटर वायली आले. हेच वायली त्याआधी दहा-अकरा वर्षे प्रेस्लर यांच्या बोझार ट्रिओत वाजवत होते. ही परंपरा माणसांच्या सहवासातूनच हातोहात पुढे जाते, आणि सहवासाला वेळ लागतो. सकाळी विमानातून उतरून संध्याकाळी वाजवून दुसऱ्या सकाळी निघून जाणारा पाहुणा ती देऊ शकत नाही, मग तो कितीही थोर असो.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. स्पर्धा कितीही अपुऱ्या असल्या तरी त्या निदान खुल्या असतात. निवासाची जागा, विद्यापीठातली नोकरी, मार्लबरोचे आमंत्रण हे ओळखीपाळखीने, गुरूच्या शिफारशीने मिळते. ज्याचा कोणी वाली नाही अशा दूरदेशीच्या मुलाला स्पर्धाच वर आणते. १९५५ मध्ये चीनचे फू त्सुंग वॉर्सातल्या शोपाँ स्पर्धेत तिसरे आले नसते, किंवा २०१५ मध्ये दक्षिण कोरियाचे सोंगजिन चो तिथे पहिले आले नसते, तर युरोपने त्यांच्याकडे इतक्या लवकर वळून पाहिले असते का? बहुधा नाही. म्हणून स्पर्धा बंद करा, असे मी म्हणत नाही. माझा आग्रह एवढाच की दार उघडल्यावर आत बसायला जागा असली पाहिजे. बीबीसीने १९९९ मध्ये तरुण कलावंतांसाठी जी योजना सुरू केली, तिने हे नेमके ओळखले. निवडलेल्या वादकांना तिथे एकदा टाळ्या मिळून विषय संपत नाही. दोन वर्षे त्यांना मैफली दिल्या जातात, स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायला मिळते, एकमेकांबरोबर वाजवायला बसवले जाते, आणि चुकायला वाव दिला जातो. चुकायला वाव ही तरुण वादकाची सर्वांत मोठी गरज असते, आणि स्पर्धा ती कधीच भागवू शकत नाही. निवडीतल्या पक्षपाताची भीती खरी आहे. तिच्यावर उपाय निवड अधिक उघड करणे हा आहे, वादकांना एका रात्रीच्या बिदागीवर सोडून देणे हा नव्हे.

दुसरा आक्षेप आयोजक नेहमी घेतात: श्रोत्यांना नवे चेहरे हवे असतात, गेल्या वर्षीचाच पाहुणा आणला तर तिकिटे कोण घेणार? या भीतीला अनुभवाचा आधार फारसा नाही. विगमोर हॉल हे जेमतेम साडेपाचशे खुर्च्यांचे सभागृह. बेखश्टाइन या पियानो बनवणाऱ्या जर्मन कंपनीने ते १९०१ मध्ये बांधले, आणि पहिल्या महायुद्धात शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त होऊन ते विकले गेले. आज ते चेंबर म्युझिकचे जगातले सर्वांत मानाचे ठिकाण आहे, आणि त्याची ओळख त्याच त्या कलावंतांच्या पुन्हा पुन्हा येण्यावर उभी आहे. शिफ, उचिदा, ताकाच क्वार्टेट वर्षानुवर्षे येतात, आणि त्यांना ऐकायला तोच श्रोता येतो, कारण गेल्या वेळी बीथोवनचा जो क्वार्टेट ऐकला तो या वेळी कसा वेगळा लागतो हे त्याला जाणून घ्यायचे असते. २०२५ मध्ये या सभागृहाने इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलचे नियमित अनुदान यापुढे न घेण्याचा निर्णय जाहीर केला. तिकिटे आणि देणगीदार यांच्या बळावर आपण उभे राहू, इतका विश्वास त्यांना श्रोत्यांबद्दल वाटला. मराठी रसिकाला तर हे वेगळे पटवून द्यायलाच नको. १९५३ पासूनच्या सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेन जोशी वर्षानुवर्षे गायले. गेल्या वर्षी ऐकले म्हणून या वर्षी कोणी घरी बसले नाही. उलट, ऐकलेले होते म्हणूनच माणसे थंडीत रात्रभर बसली.

मग प्रश्न उरतो पैशाचा, आणि त्याचबरोबर हाही की मुंबई, पुणे, गोव्याच्या वाचकाला याचे काय. या शहरांचा याच्याशी संबंध आहे आणि तो जुना आहे. वॉल्टर काउफमन हे ज्यू संगीतकार १९३४ मध्ये प्राग सोडून मुंबईला आले. त्यांनी आल्या आल्या बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली आणि दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफली सुरू केल्या. त्यांच्याबरोबर व्हायोलिन वाजवत होते मेहली मेहता, झुबिन मेहतांचे वडील, ज्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि पुढे बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन केला. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी या शहरात दर आठवड्याला, त्याच माणसांचे, त्याच श्रोत्यांसमोर चेंबर म्युझिक होत होते. ते टिकले नाही, आणि का टिकले नाही हे त्या माणसांच्या पुढच्या आयुष्यावरून कळते. काउफमन आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. १९४६ मध्ये त्यांनी भारत सोडला आणि अखेर १९५७ मध्ये तेही इंडियाना विद्यापीठात पोचले, जिथे प्रेस्लर आधीच शिकवत होते. मुंबईला ज्यांना ठेवता आले नाही त्यांना ब्लूमिंग्टनने ठेवले. मेहली मेहता मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात गेले, मग फिलाडेल्फियात कर्टिस क्वार्टेटमध्ये वाजवू लागले, आणि शेवटी लॉस एंजेलिसला तरुणांचा ऑर्केस्ट्रा घडवत राहिले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन आणि व्हायोलिन शिकून मुंबईला आलेल्या अँथनी गोन्सालविस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या कलावंतांना चित्रपटांच्या रेकॉर्डिंगने पोट दिले, आणि हिंदी चित्रपटसंगीताला त्यांनी जे दिले त्याचे ऋण मोठे आहे. पण क्वार्टेट वाजवून जगण्याची सोय त्यांच्यापैकी कोणालाही या शहराने करून दिली नाही. गुणवत्ता होती, श्रोते होते, आणि कमी पडली ती ठेवून घेणारी संस्था.

आज परिस्थिती त्याहून बरी आहे. एनसीपीएने २००६ मध्ये खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव यांच्या पुढाकाराने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. त्यात परदेशी वादक अधिक आहेत अशी टीका वारंवार होते. टीकेत तथ्य आहे, पण तिची दुसरी बाजू पाहायला हवी: त्यातले काही वादक मुंबईत राहतात, संस्थेच्या अकादमीत लहान मुलांना शिकवतात, आणि त्यांच्यातूनच चेंबर म्युझिकच्या मैफली होतात. पाहुणा राहायला लागला की तो शिक्षक होतो, हे इथे प्रत्यक्ष घडत आहे. खर्चाचे म्हणाल, तर हंगामात सहा वेगवेगळ्या पाहुण्यांना सहा वेळा विमानाने आणण्यापेक्षा त्यांतल्या दोघांना प्रत्येकी आठवडाभर ठेवणे प्रवासखर्चात महाग पडणार नाही. त्या आठवड्यात एक मैफल मुंबईत, एक पुण्यात, एक पणजीत होऊ शकते. बाकीचे दिवस इथल्या विद्यार्थ्यांबरोबर क्वार्टेटच्या तालमी होऊ शकतात. आणि तालमीसुद्धा श्रोत्यांना खुल्या ठेवता येतील. पाहुण्याच्या दृष्टीने ही एका आठवड्याची खात्रीची कमाई, आयोजकाच्या दृष्टीने तीन मैफली, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने अशी तालीम, जी आज त्याला परदेशी गेल्याशिवाय मिळत नाही. पुढच्या वर्षी त्याच पाहुण्याला पुन्हा बोलावले तर त्या विद्यार्थ्यांना गेल्या वर्षीचे काम पुढे नेता येईल.

म्हणून आयोजकांना विनंती आहे, की पुढचा हंगाम ठरवताना नव्या नावांची यादी थोडी आखूड करा आणि गेल्या दोन वर्षांत ज्यांचे वादन खरोखर भिडले त्यांच्यापैकी दोघांना पत्र लिहा. एका संध्याकाळसाठी नव्हे, निदान आठवडाभरासाठी, आणि जमल्यास दोन वर्षांच्या कराराने. देणगीदारांनी फुलांच्या सजावटीपेक्षा आणि जाहिरातीच्या फलकांपेक्षा तालमीच्या दिवसांचा खर्च उचलावा. आणि वाचकहो, ज्या वादकाला तुम्ही गेल्या वर्षी ऐकले आणि ज्याचे नाव तुमच्या लक्षात राहिले, तो यंदा परत आला तर त्याच्या मैफलीचे तिकीट आधी काढा.